पाणी किती येईल हे ठाऊक नसताना ठराव कसा करायचा

कृष्णाकाठचा शेतकरी जुलैत नदीवरची मोटार काढतो. पाणी पात्राबाहेर येणार की नाही हे त्याला ठाऊक नसतं. वर पाऊस किती आहे ते तो फोनवर विचारतो, कोयनेचे दरवाजे उघडले का बघतो आणि दोन गडी, दोर, ट्रॅक्टर घेऊन नदीकाठच्या मळीत उतरतो. मोटार काढली आणि पूर आलाच नाही, तर अर्धा दिवस आणि मजुरी गेली. नाही काढली आणि पूर आला, तर मोटार, स्टार्टर, केबल सगळं गाळात. हा हिशोब त्याने कधी कागदावर मांडलेला नसतो, पण तो चोख असतो.

हाच माणूस ग्रामसभेत बसला की म्हणतो, "शंभर टक्के सांगा, पाणी येणार का? सांगता येत नसेल तर कशाला खर्च करायचा?" कोपऱ्यातून दुसरा उठतो, "काहीच सांगता येत नाही ना, मग कामच बंद करा." दोघंही खात्री मागतात, आणि नदी, पाऊस, भूजल, प्रदूषण यांच्या बाबतीत तशी खात्री कधीच मिळत नाही. मोटार काढताना आपण जे डोकं वापरतो तेच सार्वजनिक निर्णयात कसं वापरायचं, हे मी इथे पायरीपायरीने मांडतो आहे. उदाहरणं सांगलीची आहेत, कारण 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही पूर मी इथेच पाहिले.

पहिली पायरी: प्रश्न एका ओळीत लिहा

पुराचा विषय निघाला की चर्चा पाच मिनिटांत आलमट्टीवर जाते, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणावर, ज्याचा फुगवटा मागे आपल्यापर्यंत येतो अशी इथे भीती आहे. तसं होणं स्वाभाविक आहे. धरणाची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 च्या निवाड्यात कर्नाटकला दिली, आणि सांगलीकराच्या पोटात गोळा यावा असाच हा विषय आहे. त्यासाठी लढायचं तर जरूर लढा. पण तो निर्णय तुमच्या ग्रामसभेच्या हातात नाही. आरोग्य उपकेंद्र कुठे बांधायचं, ओढ्यावरची मोरी किती रुंद ठेवायची, पाणीयोजनेचं विजेचं पॅनेल किती उंचीवर बसवायचं, जनावरं कधी हलवायची, हे तुमच्या हातात आहे.

म्हणून आधी फळ्यावर चार गोष्टी लिहा. निर्णय कशाचा, तो कोण घेणार, कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा आणि पर्याय कोणते. पर्यायांत "काहीच न करणे" हाही लिहा. आपण त्याला पर्याय धरतच नाही, त्यामुळे त्याची किंमत कुणी मोजत नाही.

पुढे समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. नदीकाठच्या एका गावाला उपकेंद्र बांधायचं आहे. एक जागा गावठाणालगत, ग्रामपंचायतीची, फुकटची, पण पूररेषेच्या पट्ट्यातली. दुसरी माळावर, दोन किलोमीटर लांब, पाणी कधीच न पोहोचणारी.

दुसरी पायरी: माहितीचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात असा धोका, ज्याला काही ना काही आकडा आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी मानतात. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 ला 57 फुटांच्या वर, 2021 ला 54 फुटांच्या आसपास. एवढ्यावरून अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या ढिगात अशा गोष्टी, ज्या घडू शकतात हे माहीत आहे, पण किती वेळा ते नक्की सांगता येत नाही. पावसाची तऱ्हा बदलते आहे, पण आपल्या ओढ्याच्या पाणलोटात एका दिवसात किती जास्त पडेल याचा भरवशाचा आकडा गावपातळीवर कुणाकडे नसतो.

तिसरा ढीग सगळ्यात अवघड. जे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं ते. कोयनेचा परिसर भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. धरण भरलं, हादरे जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6 पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. धरण टिकलं, पण नंतर त्याला बळकटी द्यावी लागली. तेव्हाच्या अभियंत्यांनी हातातल्या माहितीवर काम केलं होतं. "पुरावा नाही" आणि "धोका नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे मी कोयनेवरून शिकलो. तिसऱ्या ढिगात काय आहे ते लिहिता येत नाही, पण त्याच्यासाठी थोडी जागा राखून ठेवता येते. दोन फूट जास्तीचं जोतं, एक जादा रस्ता, हाताशी थोडा शिल्लक निधी.

ग्रामसभेत सगळा घोळ होतो तो हे ढीग एकमेकांत मिसळल्याने. आकडा असलेल्या गोष्टीवर "कुणाला काय माहीत" म्हणतात आणि आकडा नसलेल्या गोष्टीवर छातीठोक बोलतात.

तिसरी पायरी: आकडा वाचायला शिका

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळ्या ते लाल हा नियंत्रित क्षेत्र. आता "शंभर वर्षांतून एकदा" हे शब्द ऐकून माणूस म्हणतो, 2019 ला आला, म्हणजे आता 2119 पर्यंत चिंता नाही. दोनच वर्षांत 2021 आलं. या शब्दांचा खरा अर्थ असा की दर वर्षी तेवढं पाणी येण्याची शक्यता शंभरात एक. पिशवीत 99 पांढऱ्या आणि एक लाल गोटी आहे, दर जूनला एक काढायची, बघायची आणि परत टाकायची. यंदा लाल निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती पिशवीतून कमी होत नाही.

हाच हिशोब 30 वर्षं टिकणाऱ्या इमारतीला लावा. लाल रेषेवरच्या जागेत 30 वर्षांत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे 26 टक्के येते. निळ्या रेषेवरच्या जागेत ती 70 टक्क्यांच्या आसपास. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून जो माणूस निर्धास्त झोपतो, तोच "तुझ्या हयातीत चारात एक" ऐकून उठून बसतो. गोष्ट एकच, सांगण्याची तऱ्हा वेगळी. म्हणून अधिकाऱ्याला नेहमी विचारा: ही शक्यता एका वर्षाची की इमारतीच्या आयुष्याची?

दुसरी फसगत आठवणीची. 2005 नंतर सांगलीत अनेकांनी भिंतीवरची 2005 ची खूण हीच शेवटची मर्यादा धरली. सामान त्या खुणेच्या वर ठेवलं, गाड्या खुणेच्या पुढे लावल्या, आणि "2005 ला इथे आलं नव्हतं" म्हणून घरातच थांबले. 2019 चं पाणी त्या खुणेच्या तीन-चार फूट वर गेलं. आजवरचा सर्वात मोठा पूर हा फक्त आजवरचा असतो. पूररेषासुद्धा मागच्या नोंदींवरून आखलेली असते. पाऊस बदलला तर रेषा कागदावर तिथेच राहील, पाणी राहणार नाही.

तिसरं, आकडा कुठला आहे ते बघा. आयर्विनची पातळी म्हणजे तुमच्या चावडीपुढची पातळी नव्हे. वारणा कृष्णेला हरिपूरजवळ मिळते, म्हणजे आयर्विनच्या खाली. संगमाच्या खालच्या गावांनी फक्त आयर्विन पाहून भागणार नाही, वारणेचा विसर्गही पाहावा लागेल. गावाने आपला स्वतःचा तक्ता करावा. म्हातारी माणसं आणि गवंड्याची लेव्हलची नळी बरोबर घ्या, तिन्ही पुरांच्या खुणा शोधा, प्रत्येक खुणेची उंची एकाच ठिकाणापासून मोजा आणि शेजारी त्या वेळची आयर्विनची पातळी लिहा. एका रविवारी होणारं हे काम आहे. कुठल्याही सल्लागाराच्या अहवालाइतका मी या तक्त्याला मान देतो. पूररेषेचा नकाशा पाटबंधारे कार्यालयात मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

चौथी पायरी: निर्णय कुठे पलटतो ते शोधा

खरा आकडा कुणालाच माहीत नसेल तर काय? मला सर्वात उपयोगी पडलेली युक्ती ही आहे.

आपल्या उपकेंद्राला आकडे देऊ. हे फक्त समजण्यापुरते आहेत. गावठाणालगतची जागा निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे. तिथे परवानगी मिळाली असं धरा. इमारत खांबांवर उचलून बांधायला 10 लाख जास्त लागतात. न उचलता बांधली आणि पूर आला, तर प्रत्येक वेळी 25 लाखांचं नुकसान. इमारतीचं आयुष्य 30 वर्षं.

पाणी 100 वर्षांतून एकदा येत असेल, तर वर्षाला सरासरी 25 हजार आणि 30 वर्षांत साडेसात लाखांचं नुकसान. तेव्हा 10 लाख घालणं पैशांत परवडत नाही. 50 वर्षांतून एकदा येत असेल तर नुकसान 15 लाख. परवडतं. 25 वर्षांतून एकदा, तर 30 लाख. मग विचारायलाच नको. पारडं पलटतं कुठे? 75 वर्षांतून एकदा या आकड्याला.

आता वाद सोपा झाला. "नक्की किती वर्षांनी पाणी येतं?" यावर भांडण्याऐवजी सभेपुढे एकच प्रश्न उरतो: या जागेवर 75 वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा पाणी येईल असं आपल्याला वाटतं का? तक्त्यात त्या जागेवर गेल्या वीस वर्षांतच दोन खुणा असतील तर उत्तर मिळालं. नेमका आकडा न कळताही निर्णय नेमका घेता आला.

पण पैशांचा हिशोब इथे संपला तरी विचार संपत नाही. पूर येतो त्याच दिवशी उपकेंद्राची गरज सर्वात जास्त असते. सर्पदंशाची लस, बाळंतपण, साथ. 25 लाखांत हे धरलेलं नाही आणि धरताही येत नाही. दुसऱ्या बाजूला, माळावर बांधलं तर पूर नसलेल्या प्रत्येक दिवशी गरोदर बाईला आणि काठी टेकत जाणाऱ्या आजीला दोन किलोमीटर चालायचं आहे. क्वचित येणारा मोठा त्रास आणि रोजचा छोटा त्रास एकाच पट्टीने मोजता येत नाहीत. अशा वेळी बेरीज करू नका, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि ज्यांना चालायचं आहे त्यांना बोलू द्या. बहुतेक सभांत त्या बायका मागे बसलेल्या असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

पाचवी पायरी: चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडते

प्रत्येक पर्यायाखाली दोन ओळी लिहा. आपण उगाच घाबरलो असू तर काय गेलं आणि कुणाचं? आपण उगाच निर्धास्त राहिलो असू तर काय गेलं आणि कुणाचं?

याचं मोठं उदाहरण कोयना. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). जुलैअखेरीस धरण थोडं रिकामं ठेवलं तर ऑगस्टच्या पावसाला जागा राहते आणि नदीकाठाला दिलासा मिळतो. पण पुढे पाऊसच गेला तर? वीजनिर्मिती घटते, आणि कृष्णेच्या पाण्यावर चालणाऱ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांवर अवलंबून असलेल्या आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. एकाच जिल्ह्यात एकाच पाण्याच्या दोन भीती आहेत. सांगलीत बसून "धरण रिकामं ठेवा" म्हणणं सोपं आहे, जतला जाऊन तेच म्हणून बघा. शिवाय 2019 ला धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातही पाऊस प्रचंड होता, आणि त्या पाण्याला कुठलाच दरवाजा नसतो. "अमुक एक गोष्ट केली की पूर थांबेल" असं कुणी सांगितलं की मी सावध होतो.

सहावी पायरी: परत फिरता येतं का

मोटार काढली, पूर आला नाही, तर परत बसवता येते. ओढा बुजवून त्यावर प्लॉट पाडले की तो ओढा परत मिळत नाही. घरं, कर्जं, वारसाहक्क सगळं त्यावर उभं राहतं. दोन पर्याय तोलात सारखे वाटत असतील तर ज्यातून माघार घेता येते तो निवडा.

हळू येणारा धोका इथेच आपल्याला चकवतो. मिरज, पलूस, वाळव्याची क्षारपड झालेली रानं बघा. वर्षानुवर्षं उसाला पाटाने भरपूर पाणी दिलं, निचरा झाला नाही, मीठ वर आलं. कुठल्याही एका वर्षी "आता थांबायला हवं" असं वाटावं असं काही घडलं नाही. उतारा थोडा घटला, मग आणखी थोडा, आणि मग रान पांढरं पडलं. आता जमिनीत सच्छिद्र पाइप घालून निचरा करता येतो, पण त्याचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही, आणि शेजाऱ्यांनी एकत्र येऊन पाणी बाहेर काढायला वाट दिल्याशिवाय ते काम होतही नाही. माती तपासणी आणि निचऱ्याचे चर वेळेवर केले असते तर हे कितीतरी स्वस्तात झालं असतं. पुराची बातमी होते, क्षारपडीची होत नाही. यादी करताना "गेल्या दहा वर्षांत हळूहळू काय बदललं?" हा प्रश्न वेगळा विचारा.

सातवी पायरी: तज्ज्ञांचं एकमत नसेल तेव्हा

2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल 2020 मध्ये आला. त्यात आलमट्टीला या पुराचं मुख्य कारण मानलेलं नव्हतं. इथल्या नागरिक कृती समित्यांना ते पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत.

आपल्याला निवाडा द्यायचा नाही. आपण विचारायचं: पहिली बाजू खरी असेल तर कोणता उपाय उपयोगी, दुसरी खरी असेल तर कोणता, आणि दोन्हीकडे उपयोगी कोणता? ओढे-नाले मोकळे करणं, पूरपट्ट्यात नवी बांधकामं न होऊ देणं, गावाची पातळीची पट्टी, वेळेत स्थलांतर. पाण्याचं कारण कुठलंही असो, हे चारही उपयोगी पडतात. त्यासाठी वाद मिटायची वाट बघायची गरज नाही.

तज्ज्ञांना एक प्रश्न मात्र जरूर विचारा: "तुमचं मत बदलायचं तर कोणती नवी माहिती लागेल?" ज्याला उत्तर देता येतं त्याचं बोलणं जास्त लक्ष देऊन ऐका.

आठवी पायरी: कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो

1992 च्या रिओ जाहीरनाम्यात खबरदारीचं तत्त्व आहे. गंभीर किंवा भरून न येणारी हानी संभवत असेल, तर पूर्ण शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर परवडणारे उपाय पुढे ढकलू नयेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तमिळनाडूतल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या वेल्लोर खटल्यात हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं आणि आपलं काम पर्यावरणाला घातक नाही हे दाखवण्याची जबाबदारी प्रकल्प करणाऱ्यावर टाकली. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2010 च्या कायद्यातही ते आहे. पण त्याचा अर्थ "शंका आली की बंद" असा नाही. हानी गंभीर हवी आणि उपाय झेपणारा हवा.

प्रकल्पाची जनसुनावणी 2006 च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार होते. किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. समजा डिस्टिलरीची सुनावणी आहे. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहून दिलं तर त्याला उत्तर देणं फार सोपं असतं. असं विचारा: स्पेंटवॉशचा, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा तलाव किती वर्षांतून एकदा पडणाऱ्या पावसासाठी आखलाय? तो फुटला तर पाणी कोणत्या ओढ्यात आणि कोणाच्या विहिरीत जाईल? आजच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी कुठे नोंदवली आहे? नुकसान झालं तर पैसे कोण, किती दिवसांत देणार? उत्तरं इतिवृत्तात येतील याची खात्री करा. सभा संपण्याआधी ते वाचून दाखवावं लागतं, तोवर उठू नका.

शेवटचं काम: ठरावात आकडा आणि तारीख घाला

"परिस्थिती पाहून योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलेला ठराव कुणालाच काही करायला लावत नाही. परिस्थिती पाहणारा माणूस त्या रात्री घाबरलेला असतो. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून अधिक जीव गेले. रस्ता उघडा असताना निघणं आणि पाण्यातून निघणं हे दोन वेगळे धोके आहेत, आणि पहिल्यातून दुसऱ्यात आपण फक्त वाट बघत बघत जातो. म्हणून कोणत्या आकड्याला काय करायचं ते उन्हाळ्यातच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. दोन-तीनदा उगाच घर सोडावं लागेल. लोक नाराज होतील. ती नाराजी म्हणजे मोटार काढायची मजुरी आहे, आणि ती आपण द्यायची असं सभेत आधीच मान्य करून घ्या.

1 मेच्या ग्रामसभेत मांडायला मसुदा असा करता येईल. पातळ्या तुमच्या गावाच्या तक्त्याप्रमाणे बदला.

"आयर्विन पुलाजवळ पाणी 35 फुटांवर गेले व धरणांचा विसर्ग वाढवल्याचा संदेश आला की जनावरे माळावर हलवावीत. 40 फुटांवर खालच्या आळीतील वृद्ध, गरोदर स्त्रिया, आजारी माणसे व लहान मुले शाळेत न्यावीत. रस्त्यावर पाणी येण्याआधी उरलेल्या सर्वांनी निघावे. हे आकडे 2005, 2019 व 2021 च्या खुणांवरून ठरवले आहेत. पाऊस बदलत असल्याने ते अपुरे ठरू शकतात, हे या सभेला माहीत आहे. उपकेंद्राची इमारत खांबांवर बांधावी. 75 वर्षांतून एकापेक्षा जास्त वेळा त्या जागी पाणी येईल असे सभेला वाटते, हे त्याचे कारण. प्रत्येक पुरानंतर पंधरा दिवसांत नवी खूण मारून तक्ता दुरुस्त करावा. हा ठराव दर वर्षी 1 मे रोजी सभेत मोठ्याने वाचावा आणि आकडे तेच ठेवायचे की बदलायचे हे त्याच सभेत ठरवावे."